पान क्रमांक चारशे सात

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी इंगवले अण्णांचे प्रचालकाचे अधिकार काढून घेतले. त्याआधी आठवडाभर मतदान झालं होतं. बाजूनं अकरा मतं पडली, विरुद्ध दोन. अकरांतलं एक माझं होतं. बटण दाबल्यावर पडद्यावर 'बदल जतन झाला' असं आलं. त्यानंतर तेविसाव्या दिवशी अण्णा गेले.

गावकोश म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या गावांचा, पिकांचा, शब्दांचा आणि रीतींचा इंटरनेटवरचा कोश. तो कुणा एकाचा नाही. नाव नोंदवलं की कुणीही त्यात पान लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारावं. इतके हात लागतात तिथं भांडणं होतात, म्हणून प्रचालक लागतो. त्याच्याकडे चार अधिकार असतात. पान वगळणं, पानाला कुलूप लावणं आणि लिहिणाऱ्यावर बंदी घालणं हे तीन सगळ्यांना माहीत असतात. चौथ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो वगळलेली पानं पाहण्याचा अधिकार. वगळलेलं पान नष्ट होत नाही, इतरांना दिसेनासं होतं, एवढंच. प्रचालकाला ते दिसत राहतं.

अण्णा कोशाचे पहिले प्रचालक. नंतर त्यांनीच मला दुसरी प्रचालक केलं. मी शाहूपुरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. "बाई, एकट्याच्या हातात किल्ली बरी न्हाय," ते म्हणाले होते. "माझ्यावर कुणाची तरी नजर पायजे की."

आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते मोजणीदारच राहिले होते. उंच, कोरडे, उजवा खांदा डाव्याहून खाली. चालताना पावलं मोजायचे. माझ्या ग्रंथालयापासून त्यांचं घर सहाशे बारा पावलांवर होतं. एकदा रस्ता खोदला होता तेव्हा सहाशे चाळीस भरलं, तर ते दिवसभर अस्वस्थ होते. खिशात दोन पेनं असायची, एक निळं आणि एक लाल. निळं स्वतःच्या लिहिण्याला, लाल दुसऱ्याच्या. कोशातली नवी पानं ते कागदावर छापून घेत आणि लाल पेनानं मोजत. मी लिहिलेलं पहिलं पान त्यांनी मला परत दिलं तेव्हा त्यात माझं एकच वाक्य उरलं होतं. "हे बरं हाय," त्या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. मी घरी जाऊन रडले होते. आज ते पान वाचलं की वाटतं, तेही वाक्य काढायला हवं होतं.

पुराव्याला ते 'खुणेचा दगड' म्हणत. शेताच्या हद्दीवर पुरलेला दगड असतो, तसा. कोशातल्या प्रत्येक विधानाखाली त्यांना तो दगड हवा असे. छापील पुस्तक, जुनं वर्तमानपत्र, सरकारी कागद. यातलं काही नसेल तर ते विधान जात असे, मग ते लिहिणारा कुणीही असो.

मोजणीची आणखी एक रीत त्यांनी कोशात आणली. शेत मोजायचं तर आधी लगतदारांना, म्हणजे शेजारच्या शेतांच्या मालकांना, नोटीस जाते. ते आले तर त्यांच्यासमोर मोजायचं, नाही आले तरी मोजायचं. अण्णांनी नियम केला की पान वगळायचं असो, परत आणायचं असो किंवा वगळलेलं पान कुणाला दाखवायचं असो, त्या पानाला ज्यांचा ज्यांचा हात लागला आहे त्या सगळ्यांना सात दिवसांची नोटीस जाईल. एका ओळखीच्या इंजिनिअरकडून त्यांनी ती सोय करून घेतली. पानाचा क्रमांक टाकायचा, बटण दाबायचं, नोटिसा आपोआप जातात.

"आणि माणूस परगावी असला तर?" मी एकदा विचारलं.

"नोटीस गेली की गेली. माणूस कुठं हाय ते मोजणीदारानं बघायचं नसतंय." आणि मग त्यांचं नेहमीचं, "सात म्हणजे सात. सहा न्हाय, आठ न्हाय."

उचगावचे एक व्यापारी एकदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या घरी आले होते. मी तिथेच होते. अण्णांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"काय पावणं, काय काम काढलासा?"

"आमच्या आज्जाचं पान तुमी काढून टाकलं म्हणं."

"काढलं की. शंभर कुस्त्या मारल्या असं लिवलंय. खुणेचा दगड कुठाय?"

"कसला दगड?"

"पुरावा. छापील काय तरी."

"अवो, अख्ख्या उचगावाला म्हाईत हाय ते!"

"मग उचगावाला कोश कशाला पायजे? कोश बाहेरच्याला हाय. बाहेरच्यानं तुमच्या आज्जाला कुठं बघाय जायाचं?"

पावण्यांना त्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. वाद चालू असेल त्याचं खायचं नाही आणि त्याला खायला घालायचं नाही, हा त्यांचा मोजणीवरचा नियम होता. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी स्वतः दारापर्यंत नेऊन परत हातात दिला. आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी पंचात गुंडाळलेलं चांदीचं कडं होतं, आजोबांना मैदानात मिळालेलं. अण्णांनी भिंग घेतलं, कडं खिडकीपाशी नेऊन सगळीकडून पाहिलं.

"ह्याच्यावर नाव न्हाय," ते म्हणाले.

गृहस्थांनी कडं पुन्हा पंचात गुंडाळलं आणि ते गेले. परत आले नाहीत. आतून अण्णांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "एवढा लांबनं आला, त्याला पाण्यावर वाटंला लावलासा व्हय?" अण्णा लाल पेनाचं टोपण लावत बसले.

चौगुले गुरुजींचं प्रकरण याहून वाईट झालं. गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अर्ध्या पेठेला त्यांनी शिकवलेलं, अण्णांच्या मुलाला, प्रकाशलासुद्धा. त्यांनी आपल्या शाळेवर अकरा पानं लिहिली. त्यातले तीन परिच्छेद शाळेच्या जुन्या स्मरणिकेतून जसेच्या तसे घेतले होते. अण्णांनी ती पानं वगळली आणि गुरुजींवर एक महिन्याची बंदी घातली. बंदीची यादी कोशात सगळ्यांना दिसते. तिथं गुरुजींच्या नावापुढं कारण लिहिलं होतं: नक्कल.

गुरुजींचा फोन आला तेव्हा अण्णा ग्रंथालयात माझ्यासमोर बसले होते. गुरुजी इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू येत होतं.

"इंगवले, स्मरणिकेतला त्यो लेख माझाच हाय. माझंच मी चोरतोय व्हय?"

"लेखाखाली तुमचं नाव न्हाय, गुरुजी. संपादक मंडळ असं छापलंय."

"संपादक मंडळ म्हंजे मीच हुतो! दुसरं कोण हुतं तिथं?"

"त्याचा कागद हाय का काय?"

पलीकडं फोन ठेवल्याचं ऐकू आलं. त्या महिन्यात गुरुजी सकाळी फिरायला आले नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी ती यादी पाहून एकमेकांना पाठवत होते, हसण्याच्या चिन्हांसकट. एकतिसाव्या दिवशी बंदी आपोआप उठली. अण्णांनी ती एक दिवसही आधी उठवली नाही. मीही त्यांना तसं सुचवलं नाही.

काकूंचं नाव हौसाबाई. माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं, भाताचं. शाळा चौथीपर्यंत. सुनेनं त्यांना फोनवर मराठी लिहायला शिकवलं आणि एका उन्हाळ्यात त्यांनी कोशात नाव नोंदवून एक पान लिहिलं. दुपारी आवरून झाल्यावर, एका बोटानं, दोन महिने. पानाचं नाव होतं 'आमच्याकडची भातं'. त्यांच्या लहानपणी लावायचे त्या भातांची नावं, आणि प्रत्येकाबद्दल दोन-तीन ओळी. लिहून झाल्यावर त्यांनी अण्णांना काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, हे स्वतःच वाचतील.

अण्णांनी वाचलं. खाली एकही खुणेचा दगड नव्हता.

हे मला काकूंनीच सांगितलं, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, आणि हसत. "मला नोटीस दिली ह्यांनी. घरातल्या घरात. मी आत भाकऱ्या करतोय आणि हे भायेर बसून मला नोटीस पाठवत्यात. फोन टुंग वाजला, म्हटलं लेकाचा असंल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या डोक्यात हाय ते सगळं. डोकं फोडून दावू व्हय?"

अण्णा बाहेरच्या खोलीत होते. "डोस्कं छापील न्हाय," ते तिथूनच म्हणाले.

काकू हसल्या, मीही हसले. आठव्या दिवशी सकाळी पान वगळलं गेलं. काकूंनी पुन्हा कोशात काही लिहिलं नाही. त्यांनी फोनवर लिहिणंच सोडलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. आजार तीन महिन्यांचा होता. अण्णा दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी छापलेली पानं आणि लाल पेन घेऊन बसायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "बघा की, मला बी तपासत्यात." त्या वेळी मात्र त्या हसल्या नाहीत.

वगळलेली पानं कामाशिवाय उघडू नयेत, हाही नियम अण्णांचाच. "रद्द झालेला नकाशा कुणी फाडत न्हाय, कपाटात ठेवत्यात," ते सांगत. "पर किल्ली हाय म्हणून उगंच कपाट उघडायचं न्हाय." आतलं बाहेर उतरवून न्यायचं नाही, कागदावरसुद्धा. उघडलंच तर त्याची नोंद व्हावी, नोंदीत कारण लिहावं आणि ती नोंद सगळ्यांना दिसावी, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. नोंदीत पानाचं नाव येत नाही, फक्त क्रमांक येतो, कारण काही पानांची नावंच बदनामीची असतात.

ती नोंद चौगुले गुरुजींनी पाहिली. बंदी उठल्यापासून ते अण्णांची प्रत्येक हालचाल पाहत होते. त्यांना दिसलं की पान क्रमांक चारशे सात अण्णांनी चौदा महिने रोज उघडलं आहे. रोज सकाळी सातला. एकही दिवस चुकलेला नाही. कारणाच्या रकान्यात रोज एकच शब्द: वाचन.

गुरुजींची खात्री झाली की ते आपल्याच वगळलेल्या पानांपैकी एक आहे. अण्णा रोज सकाळी त्यांची फजिती वाचून करमणूक करून घेतात. त्यांनी अधिकार काढून घेण्याचा ठराव मांडला. रविवारी आमच्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बैठक झाली. अण्णा वेळेआधी पाच मिनिटं आले आणि सगळ्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"चारशे सात हे काय पान हाय?" गुरुजींनी विचारलं.

"नाव सांगायचं न्हाय असा नियम हाय."

"नियम तुमीच केलाय!"

"म्हणूनच की."

"बरं, काम काय हुतं ते तरी सांगा. चौदा महिने रोज काय काम निघतंय?"

"काम काय न्हवतं," अण्णा म्हणाले. "कामाशिवाय उघडलं. ठराव बरोबर हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई पण प्रचालक आहेत. त्यांना उघडून बघू द्या, मिटलं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला ते पान उघडता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि ते खरोखर काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर माझं ते एका वाक्याचं पान आलं. मी म्हणाले, "कामाशिवाय पान उघडायचं नाही, असं अण्णांनीच मला शिकवलंय."

लोक हसले. गुरुजी सगळ्यात मोठ्यानं हसले. मी अण्णांकडे पाहिलं, तर ते मान हलवत होते, विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी. मला लोकांचं हसणं आवडलं. हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून लिहिलं.

पुढचा आठवडा मतदान चाललं. सोमवारी मी बटण दाबलं.

दोन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. "बाई, एक जुनं पान बघायचं हुतं. वगळलेलं. आता मला दिसत न्हाय."

"अर्ज करा, अण्णा," मी म्हणाले. "नोटीस काढते. सात दिवस लागतील."

"व्हय, व्हय. तसंच पायजे."

त्यांनी सतराव्या दिवशी अर्ज केला. शिस्तीत, मुद्देसूद, खाली तारीख. पान क्रमांक: चारशे सात. कारण: वाचन. मी क्रमांक टाकला आणि नोटिशीचं बटण दाबलं. ती कुणाला गेली हे पाहिलं नाही. ते पाहायचं नसतं, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. "हरकत आली का कुणाची?"

"नाही अजून."

"येणार बी न्हाय," ते म्हणाले. मग पुढं म्हणाले, "पर सात म्हणजे सात."

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाहूपुरीत, धान्याच्या दुकानासमोर. मी रस्त्याच्या पलीकडे होते. दुकानाबाहेर तांदळाची पोती उघडून ठेवली होती. अण्णांनी एका पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ काढून नाकाशी नेले. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ, अण्णा?" अण्णांनी मान हलवली. तांदूळ पोत्यात परत टाकले, पुढच्या पोत्यात हात घातला. असं चार-पाच पोत्यांत केलं. मग ते निघाले, खाली पाहत, ओठ हलवत, पावलं मोजत. मी त्यांना हाक मारली नाही. बोलले असते तर पुन्हा नोटिशीचा विषय निघाला असता.

अर्जानंतर सहाव्या दिवशी सकाळी ते गेले. हृदय बंद पडलं.

प्रकाश पुण्याहून आला होता. मला म्हणाला, "बाई, तुमच्या त्या कोशाचं काहीतरी बिघडलं होतं का? आई गेल्यापासून आबा रोज सकाळी त्यावर काहीतरी वाचायचे, मोठ्यानं. मी फोन केला की मागून ऐकू यायचं. गेल्या महिन्यात म्हणाले, आता ते उघडत नाही. मी इंटरनेटवाल्याला पाठवला. त्यानं वायर बदलून दिली. तरी म्हणाले, उघडत नाही."

"काय वाचायचे?"

"भाताची नावं."

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली. सातवा दिवस संपल्यावर पान उघडलं. नोंदीतल्या तारखा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिल्या. अण्णांनी ते पहिल्यांदा उघडलं होतं काकूंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

पान असं आहे. "तांबसाळ. बाळंतिणीला पेज करायला. शिजताना वास न्हाय, खाताना येतो." "कुसळ्या. ह्याला डुकरं शिवत न्हाईत, घशात रुततं. म्हणून डोंगराकडंच्या वाफ्यात हेच." "काळं भात. सणाला. हात काळं हुत्यात, धुतलं तरी दुपारपत्तुर जात न्हाय." अशी एकवीस नावं. शेवटी: "आईचं भात. मागल्या दारी चार वाफं. नाव म्हाईत न्हाय, आमी आईचंच म्हणायचो. आता कुणी लावत न्हाय. इंगवल्यांच्या घरात आल्यावर मला ह्याची लई आठवण यायची, पर सांगितलं कुणाला न्हाय."

मग मी काकूंचं चर्चापान उघडलं. लिहिणाऱ्याला निरोप जातात ते पान. तिथं तीनच मजकूर आहेत. पहिला अण्णांची नोटीस: आपण लिहिलेले पान वगळण्यास हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. त्याखाली काकूंचं उत्तर: "हरकत हाय. पर तुमी ऐकणार न्हाय. संध्याकाळी येताना कोथमीर आणा." आणि त्याखाली, अडीच वर्षांनंतरची, माझ्या नावाची नोटीस: आपण लिहिलेले पान श्री. इंगवले यांना दाखविण्यास हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.

ही नोटीस कुठं जाणार हे अण्णांना माहीत होतं. अर्ज करताना माहीत होतं आणि 'येणार बी न्हाय' म्हणताना माहीत होतं.

वगळलेलं पान परत आणायला दोन प्रचालकांची संमती लागते. हा नियम अण्णांचा. चौदा महिन्यांत त्यांनी माझी संमती कधी मागितली नाही. मागितली असती तर मी खुणेचा दगड विचारला असता.

गुरुजी आता कोशात येत नाहीत. दुसरा प्रचालक व्हायला कुणी तयार नाही, त्यामुळे मी एकटी आहे. पान क्रमांक चारशे सात वगळलेलंच आहे. मी ते रोज सकाळी सातला उघडते आणि कारणाच्या रकान्यात 'वाचन' लिहिते.